पंखा बदलला, थरथर राहिली: पाण्याखालच्या धडकेनंतर एका आउटड्राइव्हची तपासणी आणि दुरुस्ती

बोट आमच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा तिच्यावर वाकलेला पंखा, म्हणजे प्रोपेलर, नव्हता. मालकांनी तो स्वतःच काढून जवळचा स्पेअर चढवला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की अजून थोडी थरथर जाणवते, स्पेअर पंखा जरासा आउट असावा, तेवढा बॅलन्स करून द्या. जुना पंखा भंगारात टाकायच्या बेतात होते, पण सुदैवाने तो अजून बोटीतच सीटखाली पडलेला होता. पुढचा सगळा उलगडा त्या जुन्या पंख्यावरूनच झाला.

बोट २१ फुटी, फायबरची. आत व्ही-६ पेट्रोल इंजिन, ४.३ लिटरचं, आणि पिछाडीला बाहेर आउटड्राइव्ह. पंखा अ‍ॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, १९ इंच पिचचा (पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच). गिअरचं प्रमाण १.८१, म्हणजे इंजिनाचे १.८१ फेरे झाले की पंख्याचा एक. या रचनेत इंजिन बोटीच्या आत बसतं, त्याची शक्ती ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीतून, युनिव्हर्सल जॉइंटनं बाहेर येते, वरच्या गिअरमधून उभ्या शाफ्टनं खाली जाते आणि खालच्या गिअरमधून आडव्या प्रोपेलर शाफ्टला मिळते. व्होल्वो पेंटानं १९५९ मध्ये अ‍ॅक्वामॅटिक या नावानं असा ड्राइव्ह बाजारात आणला. खाली काही लागलं तर अख्खा ड्राइव्ह मागे उचलला जातो, ही या रचनेची मोठी जमेची बाजू. ती खरी आहे, पण अर्धीच. या प्रकरणात नेमकी उरलेली अर्धी बाजू अंगाशी आली.

मालकांनी सांगितलेली हकिगत अशी. खडकाळ तळाच्या उथळ भागात बोट साधारण पंधरा नॉट वेगानं चालली होती. खालून दणका बसला, ड्राइव्ह वर उसळला आणि परत खाली आला. त्यांनी लगेच न्यूट्रल केलं. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पाणी येत नाही ना ते पाहिलं, जे अगदी बरोबर केलं. मग सावकाश घरी आणली.

तेवढ्यावरून निदान सोपं वाटतं: पात्यांना लागलं, ड्राइव्हनं उसळून मार चुकवला, हबमधल्या रबरानं गिअर वाचवले, पंखा बदलला, विषय संपला. बोटवाल्यांमध्ये हा समज पक्का आहे. मग थरथर कशाची?

जुना पंखा काय सांगत होता

पंखा टेबलावर ठेवून पाती एकेक करून पाहिली. दोन पात्यांच्या पुढच्या कडा टोकाजवळ वळल्या होत्या, खाचा पडल्या होत्या. हा पुढे जाताना लागलेला मार, त्यात नवल नव्हतं. तिसऱ्या पात्याची मात्र पुढची कडा जवळपास शाबूत होती आणि मागची कडा तळहाताएवढ्या भागात चांगलीच मुडपली होती. पुढे जाणाऱ्या बोटीत पाण्याला आधी भिडते ती पुढची कडा, त्यामुळे खडकही आधी तिलाच भेटतो. मागची कडा आधी खडकावर जायची तर पंखा उलटा फिरत असायला हवा.

स्केगनं, म्हणजे ड्राइव्हच्या तळाच्या पात्यासारख्या फाळानं, तीच साक्ष दिली. त्याच्या पुढच्या कडेवर लांबट खरचटे होते, पण तुटला होता तो मागचा खालचा कोपरा, आणि उरलेली कड डावीकडे झुकली होती.

मालकांना फोन करून विचारलं, "धडकेनंतर रिव्हर्स टाकला होता का?"

"टाकला की. त्याशिवाय निघणार कशी? पुढे सगळा खडकच होता."

"तेव्हा काही लागलं?"

"खट्ट झालं एकदा. पण ते काही विशेष नव्हतं, पहिल्या दणक्यापुढे."

विशेष होतं. दोन धडका झाल्या होत्या आणि आवाजानं लहान असलेली धडक नुकसानानं मोठी ठरली. त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

ड्राइव्ह वरखाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरच्या पिस्टनमध्ये स्प्रिंगवर बसवलेले छोटे शॉक व्हॉल्व्ह असतात. पुढे जाताना खाली काही आदळलं की दाब एकदम वाढतो, व्हॉल्व्ह उघडतात, तेल पिस्टनच्या पलीकडे जातं आणि ड्राइव्ह मागे उसळतो. मार लागतोच, पण त्याचा मोठा भाग त्या उसळण्यात जिरतो. रिव्हर्समध्ये अडथळा मागून येतो. तो ड्राइव्हला बोटीकडे, आत ढकलतो, आणि पूर्ण खाली असलेल्या ड्राइव्हला आत जायला जागाच नसते. व्हॉल्व्ह आपल्या जागी असतात, फक्त त्या दिशेला त्यांचा उपयोग शून्य. सगळा मार पातं, शाफ्ट, हाउसिंग, गिंबल रिंग (ड्राइव्ह जिच्यावर वळतो ती कडी) आणि ट्रान्सम यांनी मिळून खायचा.

हबच्या रबराचंही असंच आहे. पंख्याच्या मध्यात रबराचा बुश दाबून बसवलेला असतो. पातं अचानक अडलं आणि पिळाचा जोर मर्यादेपलीकडे गेला की रबर आत सरकतं आणि गिअरचे दात वाचतात. पण ही राखण पिळापुरती आहे. पात्याला बाजूनं बसलेला मार शाफ्टला पिळत नाही, वाकवतो. त्या मार्गात रबर आडवं येत नाही. ते थोडं दबतं, बस्स. बोटीवर असलेली ही दोन्ही संरक्षणं एकेका दिशेची आहेत, आणि इथली दुसरी धडक नेमकी दोघांच्या मधून गेली.

रबर सरकलं का ते तपासायला सोपी रीत आहे. हबच्या आतल्या बाहीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारायची, बोट जोरात चालवायची आणि रेघ तुटली का पाहायची. सरकलेल्या हबचं लक्षणही ठळक असतं: इंजिनाचे फेरे चढत जातात, वेग मात्र चढत नाही. जुन्या पंख्यावर खुणेची रेघ नव्हती. पण धडकेनंतर मालक त्याच पंख्यावर परतले होते आणि थ्रॉटल दिल्यावर बोट ओढत होती. मी पंखा व्हाइसमध्ये धरून लांब लिव्हरनं पिळून पाहिला, हब हललं नाही. म्हणजे पिळाचा जोर त्या मर्यादेपर्यंत गेलाच नव्हता. गिअरचे दात बहुधा ठीक निघतील, बिघाड शाफ्टच्या वाकण्यात शोधायला हवा, असा अंदाज इथे बांधला.

शाफ्टचं माप आणि तेल

स्पेअर पंखा काढला, थ्रस्ट वॉशर काढला. इथे सीलपाशी गुंतलेली मासेमारीची तंगूस बरेचदा सापडते आणि सील तीच कापते. या वेळी नव्हती. ड्राइव्ह न्यूट्रलमध्ये ठेवला की शाफ्ट हातानं मोकळा फिरतो. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं सुईचं माप) लावताना नवख्यांची एक फजिती होते: चुंबकाचं स्टँड घेऊन येतात आणि ड्राइव्हचं हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं निघतं. स्टँड क्लॅम्पनं पंख्यावरच्या आडव्या प्लेटला पकडलं आणि सुई शाफ्टच्या गुळगुळीत भागावर टेकवली.

एका पूर्ण फेऱ्यात सुई ०.३८ मिलिमीटर हलली. अशा शाफ्टला चालणारी मर्यादा मॉडेलनुसार बदलते आणि ती त्याच्या मॅन्युअलमध्येच पाहावी, पण ढोबळमानानं ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते. हे वाकणंच आहे की झिजलेल्या बेअरिंगची ढिलाई, याचा निवाडा आधी केला. वाकलेला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी सुई चढवतो. ढिलाई असेल तर शाफ्ट न फिरवता वरखाली दाबलं तरी सुई हलते. इथे चढ दर फेऱ्याला त्याच जागी होता, दाबून हालचाल जेमतेम.

स्पेअर पंख्यावर थरथर कमी झाली पण गेली नाही, ती यामुळे. वाकलेली पाती गेली, वाकलेला शाफ्ट राहिला. असमतोलाचं बल फेऱ्यांच्या वर्गानं वाढतं, फेरे दुप्पट झाले की चौपट, म्हणून सावकाश चालवताना काहीच कळत नाही. "सावकाश तर मस्त चालते" या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही.

तेल काढण्याआधी बोट रात्रभर हलवली नाही. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाला बसतं. सकाळी खालचा प्लग सैल करताच आधी काही थेंब पाणी आलं, मग राखाडी झाक असलेलं तेल. पूर्ण दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे पाणी शिरायला नुकती सुरुवात झाली होती. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा होता, जो कोणत्याही चालत्या गिअरमध्ये असतो. कपच्या किंवा सुया नव्हत्या. दातांबद्दलचा अंदाज आणखी पक्का झाला.

मग दाबाची चाचणी. तेलाच्या भोकातून हवा भरली, आधी अगदी कमी दाबानं, मग १२ पीएसआयपर्यंत, आणि शाफ्ट हातानं फिरवत साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे प्रोपेलर शाफ्टच्या सीलपाशीच आले, तेही फेऱ्याच्या एका ठरावीक भागात. इथे दोन सील पाठीला पाठ लावून बसतात, एक तेल आत ठेवायला, दुसरं पाणी बाहेर ठेवायला. नुसत्या दाबानं एकाचीच परीक्षा होते, म्हणून नंतर व्हॅक्यूमही लावला. तोही टिकला नाही. हाउसिंगला तडा मात्र कुठे दिसला नाही.

उघडल्यावर

ड्राइव्ह बोटीपासून उतरवला, खालचा भाग वेगळा केला. प्रोपेलर शाफ्टचं बेअरिंग कॅरियर निघता निघेना. गंजानं आणि क्षारानं ते हाउसिंगशी एकजीव झालं होतं. अशा वेळी घाव घालण्याचा मोह आवरायचा, पुलर लावून हाउसिंग हलकं गरम करायचं. आम्ही तसंच केलं आणि अर्धा दिवस त्यात गेला. कामाच्या अंदाजपत्रकात हा अर्धा दिवस कुणी धरत नाही.

शाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवल्यावर वाक नेमका कुठे आहे ते दिसलं: मागच्या बेअरिंगच्या जरा बाहेर, सीलच्या जागेपासून सुरू होऊन शेपटाकडे वाढत गेलेला. कॅरियरमधल्या नीडल बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर एका बाजूला ओळीनं बारीक डबरे उठले होते आणि बाकी कडी स्वच्छ होती. पात्याच्या टोकाला बसलेला बाजूचा मार तरफेसारखा या बेअरिंगवर उतरला होता. सीलच्या ओठांची झीजही एकाच बाजूला.

पुढचा गिअर, रिव्हर्सचा गिअर, पिनियन, मधला डॉग क्लच (गिअर पकडणारा दातेरी जोड) हे सगळं धुऊन, डाय पेनेट्रंट (तडे उठून दिसावेत म्हणून लावायचा रंग) मारून पाहिलं. एकही तडा नाही, एकही दात उडालेला नाही. मालकांनी नव्या गिअर सेटच्या खर्चाची मनाची तयारी केली होती. त्यांना सांगितलं, गरज नाही.

शाफ्ट सरळ करून वापरता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आत इंजिन असलेल्या सरळ शाफ्टच्या बोटींमध्ये लांब शाफ्ट प्रेसवर सरळ करतात आणि ते उत्तम चालतात. आउटड्राइव्हचा शाफ्ट आखूड असतो, वाक नेमका सील आणि बेअरिंगच्या पृष्ठभागापाशी पडतो, आणि तिथला मिलिमीटरचा दहावा हिस्साही सीलला पुरेसा असतो. प्रेसवर तो सरळ दिसेलही, पण एकदा वाकलेल्या आणि उलट वाकवलेल्या धातूवर मी सील बसवत नाही. नवा शाफ्ट, नवं नीडल बेअरिंग, दोन्ही सील आणि ओ-रिंग घेतल्या. गिअर तेच असल्यामुळे शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बदलावे लागले नाहीत, तरी बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) मोजून मगच बंद केलं.

स्केगचं वेल्डिंग याच टप्प्यावर उरकलं, कारण हाउसिंग रिकामं होतं. सील आणि बेअरिंग आत असताना स्केगवर वेल्डिंग केलं तर उष्णतेनं सील जळतात, बेअरिंगच्या जागा हलण्याचाही धोका असतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या तुटक्या कडेत तेल आणि मीठ मुरलेलं असतं. ते गेलं नाही तर जोड स्पंजासारखा सच्छिद्र होतो. कड घासून, धुऊन, गरम करून, पुन्हा पुसून घेतली. झुकलेला भाग गार असताना ठोकला तर तो तुटला असता, म्हणून झुकलेली कड कापूनच काढली आणि प्लेटचा तुकडा ४०४३ फिलरनं टिग वेल्डिंग करून जोडला. घासून आकार देताना दोन्ही बाजू सारख्या ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर बोट एका अंगाला ओढते. रंगाबाबत एकच इशारा: तांबं असलेला अँटीफाउलिंग रंग अ‍ॅल्युमिनियमच्या ड्राइव्हवर लावू नये, पाण्यात त्या दोन धातूंची जोडी अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकते. आणि झिंकवर, म्हणजे अ‍ॅनोडवर, कोणताच रंग नको.

ट्रान्समकडे

रिव्हर्समधला मार वर कुठवर गेला, हे पाहणं उरलं होतं. ट्रिम सिलिंडरचे रॉड सरळ, क्रोमवर ओरखडा नाही. गिंबल हाउसिंगला तडा नाही. ट्रान्समच्या आतून बोल्टच्या कडेचं फायबर ठोकून पाहिलं, आवाज सगळीकडे टणक. गिंबल बेअरिंग बोटानं फिरवलं, गुळगुळीत.

अलाइनमेंट बार मात्र अडला. हा बार गिंबल बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये दोन बोटांनी सरकायला हवा. तो जोर लावून जात होता आणि टोकाला लावलेल्या ग्रीसवर स्प्लाइनचे, म्हणजे कपलरच्या दातांचे, ठसे एकाच बाजूला उमटत होते. इंजिनाचे पुढचे माउंट खालीवर करून ते जुळवलं. पण हे धडकेमुळे झालं का? मला तसं वाटलं नाही. माउंटचं रबर जुनं होऊन बसलं होतं आणि कपलरच्या दातांवरची झीज एका दिवसाची नव्हती. युनिव्हर्सल जॉइंटवरच्या बेलोजच्या, म्हणजे घड्यांच्या रबरी नळीच्या, घड्यांमध्ये चिरा होत्या, त्याही वयाच्या. बेलोज बदलले, कारण ते फाटले तर पाणी गिंबल बेअरिंग खाऊन थेट बोटीत येतं.

मालक विम्याचा दावा करणार होते आणि त्यांना सगळं एकाच यादीत हवं होतं. मी दोन याद्या दिल्या. शाफ्ट, मागचं बेअरिंग, सील, स्केग, पंखा हे धडकेचं. बेलोज आणि माउंट देखभालीचं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. पण एकतर्फी डबऱ्यांचं बेअरिंग आणि मागच्या कडेला मुडपलेलं पातं विम्याच्या सर्वेअरसमोर ठेवल्यावर पहिल्या यादीवर शंका घ्यायला जागाच उरत नव्हती. चिरलेले बेलोज त्याच ढिगात असते तर ती जागा आपणच करून दिली असती.

पंख्याचं आणि चाचणीचं

मालकांचा स्पेअर पंखा आउट नव्हता. तो १७ इंच पिचचा होता. पिच एक इंच कमी झाली की पूर्ण थ्रॉटलला फेरे साधारण १५० ते २०० नं वाढतात. त्यामुळे इंजिन ४९५० च्या आसपास जात होतं आणि या इंजिनाची नेमून दिलेली मर्यादा ४४०० ते ४८०० आहे. "धडकेनंतर इंजिन उलट मोकळं चालतंय" असं ते म्हणाले होते, त्याचा उलगडा इथे झाला. घरी परतण्यापुरता हा पंखा ठीक, रोजच्या वापराला नको.

जुना पंखा दुरुस्तीला दिला. पाती पिच ब्लॉकवर बसवून मूळ वळणावर आणली, खाचा वेल्डिंगनं भरून घासल्या, मग स्टॅटिक बॅलन्स. वेल्डिंगच्या उष्णतेत हबचं रबर टिकत नाही, म्हणून ते आधी दाबून काढलं आणि शेवटी नवं बसवलं. मुडपलेल्या कडेत तडा होता, पण टोकाच्या बाजूला. तो पात्याच्या बुडाशी असता तर पंखा भंगारातच गेला असता. दुरुस्त पंखा स्पेअर म्हणून ठेवला आणि बोटीवर १९ पिचचा नवा चढवला. त्याच्या हबवर पेंटची रेघ आधीच मारून ठेवली.

पाण्यात उतरवल्यावर आधी जागेवर फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स. मग पाचशे-पाचशे फेऱ्यांनी वर. तीन हजारला हात स्टिअरिंगवर ठेवून थांबलो, थरथर नव्हती. पूर्ण थ्रॉटलला ४६०० फेरे आणि ३४ नॉट. हिशोब लावून पाहिला: ४६०० भागिले १.८१ म्हणजे पंख्याचे मिनिटाला सुमारे २५४० फेरे. १९ इंच म्हणजे ०.४८२६ मीटर, तेव्हा पाणी घट्ट असतं तर बोट मिनिटाला १,२२६ मीटर गेली असती, म्हणजे ३९.७ नॉट. प्रत्यक्षात ३४, घसरण १४ टक्क्यांच्या जवळपास. अशा बोटीला ही घसरण रास्त आहे. हब सरकत असता तर हा आकडा कितीतरी वर गेला असता.

मालकांनी शेवटी विचारलं, पुन्हा अडकलो तर काय करू? इंजिन बंद करा, ड्राइव्ह पूर्ण वर उचला आणि वल्ह्यानं किंवा बांबूनं बोट ढकला, असं सांगितलं. वीस तासांच्या वापरानंतर त्यांना तेल तपासायला बोलावलं. प्लगमधून आधी तेलच आलं, स्वच्छ. चुंबकावर तोच बारीक लगदा, कपच्या नाहीत, आणि हबवरची रेघ सलग. तेल नवं भरलं, खालच्या भोकातून वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि प्लगचे वॉशर बदलून बोट परत दिली.